रेड हेडेड स्ट्रेंजर : तेहेतीस मिनिटांचं आख्यान, पुन्हा नव्या तबकडीवर

सुई_अडकली

गेल्या महिन्यात अमेरिकेतून आलेल्या मावसभावाच्या बॅगेतून एक चौकोनी पुडकं निघालं. कुरिअरने मागवायची हिंमत उरली नव्हती. आधीच्या दोन एलपींचे कोपरे दुमडून आले होते आणि एकीची कड चक्क टवका उडालेली. म्हणून त्याला बजावलं होतं, कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून आण. आईने पुडकं हातात घेऊन विचारलं, "ताट आणलंस का रे?"

आत होता अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम. मूळ १९७५ सालचा, कोलंबिया कंपनीचा, आणि आता जाडजूड तबकडीवर पुन्हा छापलेला. माझ्याकडे आधी २००० साली निघालेली सीडी होती, त्याच्या आधी बोटीवरच्या मामाने आणलेली कॅसेट. म्हणजे एकच अल्बम तीन वेळा घरात आला. (बायको इथे वाचत नाही, म्हणून लिहितोय.)

कंट्री म्हणजे अमेरिकेतलं खेड्यापाड्याकडचं गाणं. ते म्हटलं की आपल्याकडे पहिला आठवतो जिम रीव्हज. मखमली गळा, मागे व्हायोलिनचा ताफा, ऊ-ऊ करणारा कोरस. याला नॅशव्हिल साउंड म्हणतात, कंट्रीचा सगळा धंदा जिथे चालतो त्या शहरावरून. नेल्सन साठच्या दशकात याच कारखान्यात आरसीए कंपनीसाठी राबत होता. गीतकार म्हणून त्याला मान होता; पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी' (१९६१) त्याचंच. पण गायक म्हणून त्याचं काय करायचं हे कुणाला कळत नव्हतं. आवाज थोडा नाकातला, आणि शब्द तालाच्या अलीकडे-पलीकडे टाकायची खोड. पट्टीचा ठुमरी गायक जशी ओळ रेंगाळत ठेवून समेवर आणून सोडतो, तसं काहीसं. व्हायोलिनवाले सरळ रेषेत चाललेले आणि हा मधल्या गल्लीबोळातून. जमणार कसं? १९७२च्या सुमारास तो नॅशव्हिल सोडून टेक्सासात ऑस्टिनला गेला. मग अटलांटिक कंपनीसाठी दोन चांगले अल्बम केले, तर त्या कंपनीने १९७४ साली आपला कंट्री विभागच बंद केला. तिथून कोलंबिया. करारात त्याने एक गोष्ट घालून घेतली : अल्बममध्ये काय असेल ते मी ठरवणार.

आणि त्याने काय ठरवलं, तर एक खुनाची गोष्ट.

अल्बमला ज्याचं नाव आहे ते मूळ गाणं जुनं. ईडिथ लिंडमन आणि कार्ल स्टुट्झ यांनी लिहिलेलं, १९५४ साली आर्थर स्मिथने रेकॉर्ड केलेलं. नेल्सन तेव्हा फोर्ट वर्थमध्ये रेडिओवर निवेदक होता आणि मुलांसाठी हे गाणं लावायचा. पुढे घरी पोरांना झोपवतानाही हेच म्हणायचा. गाण्यात लाल केसांचा एक अनोळखी घोडेस्वार गावात येतो. स्वतः काळ्या घोड्यावर, मागे दोरीला एक तांबूस घोडी. ती घोडी त्याच्या गेलेल्या बायकोची. गावातली एक सोनेरी केसांची बाई घोडीला हात लावते आणि हा तिला गोळी घालतो. खटला नाही, फाशी नाही, कारण घोडा चोरणाऱ्या बाईला मारल्याबद्दल कुणाला फासावर देत नाहीत.

१९७४च्या शेवटी कोलोरॅडोहून ऑस्टिनला गाडीने परतताना नेल्सनच्या तेव्हाच्या बायकोने, कॉनीने, सुचवलं की नव्या अल्बमसाठी हे जुनं गाणं घे. नेल्सनने ते घेतलं आणि एक प्रश्न विचारला जो मूळ गाण्यात नाही : बायको गेली ती कशाने?

त्याचं उत्तर म्हणजे हा अल्बम. १९०१ साल. एका पाद्र्याची बायको जुन्या प्रियकराबरोबर निघून जाते. तो रडतो, भटकतो, शोधत शोधत ब्लू रॉक नावाच्या गावी पोचतो. तिथल्या गुत्त्यात ती दोघं बसलेली असतात. तो दारातून आत येतो, ती दोघं एकमेकांकडे बघून हसतात आणि तशीच, चेहऱ्यावर हसू घेऊन, मरतात. दीड मिनिटाचं गाणं. बंदुकीचा उल्लेखही नाही.

आणि त्याच्या लगेच पुढे काय येतं? 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन'.

इथे मला थांबावंच लागतं. हे गाणं फ्रेड रोजचं. कंट्रीचं दैवत हँक विल्यम्स, त्याला हाताशी धरणारा, नॅशव्हिलच्या प्रकाशन व्यवसायाचा पाया घालणारा तो माणूस. १९४०च्या दशकात रॉय एकफने ते गायलं होतं. पावसात निरोप घेताना पाणावलेले निळे डोळे, पुन्हा भेटू ते वरच. रेडिओवर सुटं ऐकलं तर साधं, गोड विरहगीत. जगाने तसंच ऐकलं. ऑक्टोबर १९७५ मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, गायक म्हणून नेल्सनचं हे पहिलंच, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. ग्रॅमीही मिळालं. पण अल्बममध्ये ऐका. त्या डोळ्यांची आठवण काढणारा माणूस तोच आहे ज्याने ते मिटवले. गाण्यातला एक शब्द न बदलता, फक्त जागा बदलून, नेल्सनने त्याचा अर्थ पालथा केला. मी कॅसेटवर हे पन्नासेक वेळा ऐकलं असेल आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण कॅसेटवर मी थेट त्या गाण्यापर्यंत पुढे पळवत असे. एलपीवर सुई उचलून बरोबर तिथे ठेवायचा कंटाळा येतो. सलग ऐकावं लागतं.

हा सगळा अल्बम अशाच परक्या तुकड्यांचा आहे. नेल्सनचं स्वतःचं लेखन त्यात फार थोडं : 'टाइम ऑफ द प्रीचर' आणि तिचे दोनदा परत येणारे तुकडे, तो खुनाचा प्रसंग, 'डेन्व्हर', शेवटची धून. बाकी एडी अर्नल्डचं एक जुनं गाणं, स्कॉटी वाइझमनचं एक, हँक कॉक्रनचं एक, बिल कॅलरीचं एक, एक ख्रिस्ती भजन, हुवेंतीनो रोसास या मेक्सिकन संगीतकाराचा एकोणिसाव्या शतकातला वॉल्ट्झ. आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवावी तसं. धावदोरा तेवढा त्याचा.

रेकॉर्डिंग जानेवारी १९७५ मध्ये, डॅलसजवळ गार्लंड गावातल्या ऑटम साउंड स्टुडिओत. काही दिवसांत उरकलं, खर्च साधारण ४ हजार डॉलर. बरोबर नेहमीची मंडळी : पियानोवर सख्खी मोठी बहीण बॉबी, माउथ ऑर्गनवर मिकी राफेल, ड्रम्सवर पॉल इंग्लिश, बासवर बी स्पीयर्स. आणि बहुतेक वेळ ही मंडळी गप्पच बसलेली. टेप ऐकून कोलंबियाच्या नॅशव्हिल कचेरीतल्या बिली शेरिलने विचारलं म्हणे, की हे काय घरी बसून रेकॉर्ड केलंय का? शेरिल स्वतः मोठा निर्माता, टॅमी विनेट या गायिकेच्या गाण्यांमागचा माणूस. त्याच्या कानाला हा कच्चा नमुनाच वाटणार. न्यूयॉर्कमध्ये कंपनीचे प्रमुख ब्रूस लुंडव्हॉल यांनाही तसंच वाटलं. वर थोडी तंतुवाद्यं चढवू, असं निघालं तेव्हा सोबत गेलेला गायक मित्र वेलन जेनिंग्ज त्यांच्यावर भडकला. शेवटी करारातलं ते एक कलम कामी आलं आणि टेप होती तशी छापली गेली.

आता मुद्द्याचं. २००० सालच्या सीडीवर मूळ १५ तुकड्यांच्या पुढे ४ जादा तुकडे जोडलेत : बाखच्या नावावर खपणारा तो जी मधला मिन्युएट, हँक विल्यम्सचं एक गाणं, 'अ मेडन्स प्रेयर' आणि 'बोनापार्ट्स रिट्रीट'. वाईट एकही नाही. पण शेवटची धून 'बँडेरा' संपते, गोष्ट मिटते, आणि चार सेकंदांत बाख! भैरवी झाल्यावर गवयाने पुन्हा तंबोरे जुळवायला घ्यावेत तसं वाटतं. एलपीवर हे नाही. 'बँडेरा' संपली की फक्त सुईची खरखर.

तुम्हाला काय वाटतं? जुना अल्बम पुन्हा काढताना पेटीच्या तळाशी सापडलेलं सगळं त्यात कोंबावं का?

---

आळशी_कासव

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. ऐकून सांगतो (म्हणजे दिवाळीपर्यंत).

---

सहा_तारा

धाग्याबद्दल धन्यवाद. गिटारचा उल्लेख राहिला, म्हणून भर घालतो.

त्या गिटारचं नाव ट्रिगर. मार्टिन कंपनीचं एन-२० मॉडेल, नायलॉनच्या तारांचं, म्हणजे मुळात बोटांनी वाजवायचं क्लासिकल वाद्य. नेल्सनने ते १९६९ साली घेतलं. आधीच्या बॉल्डविन गिटारवर कुणीतरी पाय दिला. दुरुस्तीला नॅशव्हिलमध्ये शॉट जॅक्सनकडे गेली, तर तो म्हणाला ही गेली, पण हिचा पिकअप (तारांचा आवाज विजेवर उचलणारा भाग) त्या मार्टिनमध्ये बसवून देतो. किंमत ७५० डॉलर, न बघता फोनवर सौदा. लाकडी वाद्यात विजेचा पिकअप, आणि नायलॉनच्या तारा हा बाबा पिकने, म्हणजे चिमटीत धरायच्या चकतीने, वाजवतो. म्हणून तो आवाज ना धड स्पॅनिश, ना धड कंट्री. पोटात गोल आणि टोकाला टोचरा.

क्लासिकल गिटारला पिकपासून वाचवणारी पट्टी नसते, कारण पिक लागणं अपेक्षितच नसतं. त्यामुळे वर्षानुवर्षं घासून आवाजाच्या गोल भोकाशेजारी दुसरं भोक पडलंय. आत फासळ्या दिसतात. वर मित्रांच्या सह्या, शंभरेक. माझ्या गिटारला साधा ओरखडा आला तर मी दोन दिवस जेवत नाही.

'ब्लू आइज'च्या मधला तुकडा वाजवून बघा. शिकाऊ पोरगंही आठवड्यात बसवेल, कारण तो फक्त गाण्याची चाल वाजवतो. पण सूर कुठे अर्ध्या श्वासाने उशिरा येतात ते जमत नाही. मला वीस वर्षांत जमलेलं नाही.

---

बाबूजीभक्त

लेख चांगला आहे. पण एका कथेवर गाणी गुंफायची ही थोर अमेरिकन कल्पना वगैरे वाचून हसू आलं. आपल्याकडे पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ साली गीतरामायण झालं. ५६ गाणी, वर्षभर, दर आठवड्याला. नेल्सन तेव्हा फोर्ट वर्थमध्ये रेकॉर्डी लावत होता असं तुम्हीच लिहिलंय.

---

सुई_अडकली

@बाबूजीभक्त, अमेरिकन कल्पना असं मी कुठेच लिहिलेलं नाही हो. पण मुद्दा मान्य. फरक एवढाच की गीतरामायणात गोष्ट ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते, कवीला कोण बोलतंय तेवढंच ठरवायचं असतं. इथे गोष्ट कुणालाच ठाऊक नाही आणि सांगणारा निम्मी लपवून ठेवतो. बँडेरा संपल्यावरही पोलीस आले का, पाद्र्याला पश्चात्ताप झाला का, काही सांगत नाही.

@सहा_तारा, दंडवत. ही माहिती धाग्यातच घ्यायला हवी होती.

---

माळीवाडा

नगरचा आहे, तीन पिढ्या चर्चमध्ये पेटी वाजवणारं घर. दोन गोष्टी सांगतो.

एक : 'पाद्री' म्हटलं की मराठी वाचकाला लग्न न केलेला कॅथलिक फादर दिसतो आणि मग बायको कुठून आली असा प्रश्न पडतो. हा प्रॉटेस्टंट प्रीचर. त्यांना संसार असतो. उलट बायको पळून गेलेल्या उपदेशकाचं गावात काय होत असेल ते आमच्यासारख्यांनाच कळेल. रविवारी उठून कुणापुढे कसलं प्रवचन देणार तो?

दोन : पहिल्या बाजूच्या शेवटी जी शब्दांवाचूनची धून आहे ती 'जस्ट ॲज आय ॲम'. लेखकाने 'एक ख्रिस्ती भजन' म्हणून पुढे नेलं, पण ते तसं सोडून देण्यासारखं नाही. शार्लट एलियट नावाच्या आजारी इंग्रज बाईने १८३५च्या सुमारास लिहिलेलं. अर्थ असा की मी जसा आहे तसा, काहीही सबब न सांगता, तुझ्याकडे येतो. उपासना संपत आली की हे गीत लावतात आणि ज्याला पापाची कबुली द्यायची त्याने उठून पुढे यायचं असतं. अमेरिकन धर्मोपदेशक बिली ग्रॅहॅमच्या सभांमध्ये याच गीतावर माणसं जागेवरून उठत. आमच्याकडे ही चाल मराठी शब्दांनी म्हणतात, मी लहानपणापासून वाजवतोय.

आता बघा. तीन खून झाले. बाजू संपत आली. आणि हे गीत वाजतं, पण शब्द नाहीत. बोलावणं आलंय, पुढे कुणी येत नाही. पियानोवर बॉबी. ही भावंडं ॲबट नावाच्या खेड्यात आजी-आजोबांकडे वाढली, त्यांच्याकडूनच वाजवायला शिकली, चर्चमध्ये वाजवायची. ती ही चाल कशी वाजवते ऐका. कसलीही कारागिरी नाही, रविवारची वाजवते तशी. बॉबी २०२२ साली गेली. त्या दिवशी मी चर्चमध्ये हे वाजवलं, कुणाला कारण सांगितलं नाही.

---

सुई_अडकली

@माळीवाडा, काय बोलू. मला ही धून म्हणजे नुसतं मध्यंतर वाटत होतं. तिच्यानंतर एलपी उलटायला उठतो ना आपण, ते उठणंही आता वेगळं वाटेल.

---

तिखटमीठ

सगळे भारावलेत म्हणून मीच वाईटपणा घेते.

लेख वाचून अल्बम ऐकला. पूर्ण, सलग. आणि मला राग आला. एक बाई नवरा सोडून जाते : मेली. दुसरी बाई घोडीला हात लावते : मेली. तिला नाव नाही, ती का आली ते नाही, केसांचा रंग तेवढा ठळक. गावाने तिला संध्याकाळी पुरलं आणि हा मोकळा. वर आपण त्याच्या दुःखाबद्दल बोलायचं, त्याच्या गिटारच्या भोकाबद्दल हळवं व्हायचं. लेखकाला 'ब्लू आइज'च्या जागेचं कौतुक आहे. मला तर तिथे किळस आली. मारून वर रडतोय.

आणि हे मुलांना झोपवताना म्हणायचा? आपले चांदोबा-निंबोणी बरे.

---

पारावरचा

अहो ताई, १९०१ची गोष्ट आहे. त्या काळात घोडा चोरणं म्हणजे माणसाला वाळवंटात मरायला सोडणं. आजच्या चष्म्यातून बघू नका.

---

तिखटमीठ

काका, गोष्ट १९०१ची असेल, अल्बम १९७५चा आहे आणि ऐकतेय मी आत्ता. चष्मा माझाच असणार ना. आणि ती घोडी घेऊन पळाली असंही गाण्यात नाही. हात लावला एवढंच.

---

सुई_अडकली

@तिखटमीठ, बाजू घेत नाही, पण एक सांगतो. याच माणसाने याच्या आदल्याच वर्षी, १९७४ मध्ये, 'फेझेस अँड स्टेजेस' केला. घटस्फोटाची गोष्ट. त्याची अख्खी पहिली बाजू बाईच्या तोंडची : भांडी घासता घासता ती ठरवते की आता निघायचं. दुसरी बाजू पुरुषाची. म्हणजे बाई का जाते हे त्याला लिहिता येत नव्हतं असं नाही. इथे त्याने मुद्दाम तिला तोंड दिलं नाही असं मी समजतो, कारण सगळं त्या डोकं फिरलेल्या माणसाच्या आतून दिसतंय. 'किळस आली' हे मला चुकीचं ऐकणं वाटत नाही. कदाचित तेच बरोबर.

---

आळशी_कासव

रस्सा चांगला उकळलाय. मी अजून पहिलं गाणं ऐकतोय.

---

डॅलसवासी

इर्व्हिंगला राहतो. गार्लंड आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर, भाजी-किराण्याला चक्कर होते. इतकी वर्षं जातोय आणि हा अल्बम तिथे झाला हे आज कळलं, तेही मराठीतून. लाज वाटली थोडी.

ऑस्टिनला गेलात तर डाउनटाउनमध्ये नेल्सनचा पुतळा आहे, हातात ट्रिगरसकट. २०१२ साली २० एप्रिलला अनावरण केलं. ती तारीख का निवडली ते जाणकारांनी ओळखावं, इथे लिहीत नाही. शेजारच्या रस्त्यालाही त्याचं नाव आहे. आणि बँडेरा हे खरोखरचं गाव, सॅन अँटोनियोच्या वरच्या अंगाला. स्वतःला जगाची काउबॉय राजधानी म्हणवतं.

मी त्याला एकदा ऐकलंय. म्हातारा खुर्चीत बसून गात होता. आवाज पूर्वीपेक्षा निम्मा, पण 'ब्लू आइज' सुरू झालं आणि माझ्या शेजारी टोपी घातलेला दोनशे पौंडांचा एक गडी ढसाढसा रडायला लागला. त्याच्या बायकोने त्याला न बघता रुमाल दिला. म्हणजे दरवर्षीचं असणार.

तिखटमीठ यांचा मुद्दा वाचल्यापासून मात्र मी विचार करतोय की तो नेमका कुणासाठी रडत होता.

---

सहा_तारा

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. जादा तुकडे हवेत की नकोत?

मी हवेत म्हणणाऱ्यांपैकी. तो मिन्युएट ऐका. (तो बाखचा नाही, क्रिस्टियान पेट्झोल्ड नावाच्या दुसऱ्याच संगीतकाराचा आहे हे आता सिद्ध झालंय, पण पाटी अजून बाखचीच.) पियानोच्या क्लासमधलं दुसऱ्या वर्षाचं पोर वाजवतं ते. त्यावरून कळतं की त्या स्टुडिओत वातावरण काय होतं : कुणी घाईत नाही, जे हाताला येईल ते वाजवतायत. मग त्यातून काय निवडलं आणि काय टाकलं हे समोर येतं. हँकचं गाणं उत्तम गायलंय आणि तरी टाकलं, कारण त्या जागेचं काम 'ब्लू आइज'ने आधीच केलं होतं. टाकलेलं दिसल्याशिवाय निवडीची किंमत कळत नाही.

फक्त वेगळ्या तबकडीवर द्या. किंवा मध्ये दोन मिनिटं शांतता तरी ठेवा.

---

बाबूजीभक्त

दोन मिनिटं शांतता हे पटलं. कालपासून तीनदा ऐकला. 'टाइम ऑफ द प्रीचर'चा तो तुकडा परत येतो ना, कीर्तनकार आख्यानाच्या मध्ये पालुपद घेतो तसा. दर वेळी थोडेफार तेच शब्द आणि दर वेळी मागची गोष्ट वाढलेली. माझं आधीचं हसू मागे घेतो. निम्मं.

---

माळीवाडा

@बाबूजीभक्त, निम्मं म्हणजे नॅशव्हिलच्या मानाने बरंच.

---

तिखटमीठ

परत आले. रागानेच पुन्हा ऐकला, शब्द समोर ठेवून. एक सापडलं, ते अजून कुणी लिहिलेलं नाही.

ब्लू रॉकच्या गुत्त्यातले शब्द आठवा. गावातला गुत्ता, आडबाजूची शांत जागा, तो दारातून आत येतो, एकमेकांकडे बघून हसतात, आणि चेहऱ्यावर हसू घेऊन मरतात.

आता एलपी उलटा. दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं, 'डेन्व्हर'. पाऊण-एक मिनिटाचं. तो नव्या शहरात येतो, तिथे कोण कुठून आला हे कुणी विचारत नाही. एक बाई त्याला बघते. कुठे? गावातला गुत्ता, आडबाजूची शांत जागा. तो दारातून आत येतो. एकमेकांकडे बघून हसतात. शब्द जवळजवळ तेच, चाल तीच. आणि चेहऱ्यावर हसू घेऊन नाचतात. 'मरतात'च्या जागी 'नाचतात', बस. लगेच तो मेक्सिकन वॉल्ट्झ सुरू होतो, म्हणजे ती दोघं नाचतायत आणि आपण नुसतं बघायचं.

हे ऐकून मी हेडफोन काढून ठेवला. ज्याने लिहिलं त्याला पहिले दोघं पुरते आठवत होते, म्हणून तर शब्द तसेच ठेवले. राग गेला असं नाही. पण त्या वॉल्ट्झमध्ये मी सगळा वेळ त्या बाईकडेच बघत होते, की हिला कुणी सांगितलंय का.

---

सुई_अडकली

चाळीस वेळा तरी ऐकलाय मी तो तुकडा.

आज रात्री पुन्हा लावतो. दुसऱ्या बाजूपासून.

---

आळशी_कासव

'डेन्व्हर'ला पोचलो. थांबा, पहिल्या बाजूला मागे जाऊन येतो.